वरची रेघ

मुलं झोपली की रात्री वीस मिनिटं बोरू हातात. रंगपेटी केव्हाच माळ्यावर गेली. अक्षरांना दौत आणि कागद पुरतो. टोक तिरकं कापलं की जाड-बारीक आपोआप येतं.

परवा थोरली जागीच होती. "बाबा, वर रेघ का ओढतोस?" इथे वडोदऱ्यात ती शाळेत गुजराती शिकते, त्या लिपीला शिरोरेषा नाही. "मी ओढू?" म्हणत तिने भरलेल्या पानावर मधोमध पट्टी लावून रेघ मारली. आठवड्याचा सराव गेला. ओरडलो, खरं सांगतो.

मग खाली उरलेल्या जागेत तिचं नाव लिहिलं, रेघ तिलाच ओढायला दिली. त्यातला 'म' तेवढा तिने ओळखला, तो गुजरातीतही तसाच. बाकीचं नाव वाचता येईना.

आता विसातली दहा मिनिटं तिची. माझा 'क्ष' अजून वाकडाच येतो.