चिंचोके फेकू नका

मागच्या रविवारी मी ओट्यावर चिंचोके मांडून बसले होते. आईने ते सगळे गोळा केले आणि उकिरड्यावर फेकले. म्हणाली, "खेळून का पोट भरतं? पाढे पाठ कर." मला फार वाईट वाटले. म्हणून हे लिहीत आहे.

बाईंनी आम्हाला मलेशिया देशातल्या चोंगकाक खेळाची माहिती सांगितली. मलय लोकांचा हा जुना खेळ आहे. त्याची लाकडी पाटी होडीसारखी असते. तिच्यात दोन्ही बाजूंना सात-सात खड्डे आणि टोकांना एकेक मोठा खड्डा. मोठ्या खड्ड्याला ते घर म्हणतात आणि लहान खड्ड्याला गाव. प्रत्येक गावात ७ बिया. सात साते एकोणपन्नास, आणि दोघांच्या मिळून ९८. बिया म्हणजे कवड्या, नाहीतर आपले चिंचोकेसुद्धा! पाटी नसली तर जमिनीत खड्डे करतात.

एका गावातल्या बिया उचलायच्या आणि पुढे एकेक टाकत जायचे. आपल्या घरात टाकायची, दुसऱ्याच्या घरात नाही. शेवटची बी आपल्या घरात पडली तर पुन्हा आपलाच डाव. घरापासून तिसऱ्या गावात ३ बिया असल्या तर शेवटची बरोबर घरात पडते. पण हे उचलण्याआधी मनात मोजावे लागते. चोंगकाक हे नावच मनात हिशेब करणे या अर्थाच्या मलय शब्दावरून आले, असे म्हणतात.

पूर्वी हा खेळ जास्त करून बाया आणि मुली खेळत. मला वाटतं, ज्या मुलींना शाळा नव्हती त्यांची हीच शाळा असेल. माझी आजी शाळेत गेली नाही, पण बाजाराचा हिशेब तोंडी करते.

मलेशियाने १९८९ साली काढलेल्या १० सेनच्या नाण्यावर या खेळाची पाटी होती. २०१२ साली नवी नाणी आली आणि चित्र गेले. पण खेळ राहिला. आपल्या देशातही तमिळनाडूत असाच पल्लांगुळी खेळ आहे.

आईचेही खरे आहे. दिवसभर खेळले तर अभ्यास राहतो. पण माझी मैत्रीण सातच्या पाढ्याला नेहमी अडते. आम्ही चिंचेखाली खड्डे करून खेळलो, तेव्हा सात साते तिला न अडता आले.

म्हणून पालकांनो, पाढे जरूर म्हणून घ्या, पण चिंचोके फेकू नका. संध्याकाळी एक डाव तुम्हीही आमच्याबरोबर खेळा. बघा, कोण हरतं ते!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी