यंत्राची बुद्धी आणि दोन आठवड्यांचा खोकला

"डॉक्टर, आता म्हणे रोबो ऑपरेशन करणार! मग तुम्ही काय करणार?" असा प्रश्न हल्ली आठवड्यातून एकदा तरी कानावर येतो. विचारणाऱ्यांचे दोन तट आहेत. तरुण मंडळींना वाटते, मोबाईलला विचारले की निदान झाले आणि डॉक्टरांची फी वाचली. वडीलधाऱ्यांना वाटते, उद्या पोलादी हात आपल्या पोटात सुरी घालणार. दोघांनीही जरा दमाने घ्यावे.

आधी रोबोचे पाहू. पुण्यातील काही मोठ्या रुग्णालयांत रोबोटिक शस्त्रक्रिया होतात. त्यांत यंत्र स्वतःच्या मनाने काहीही करीत नाही. सर्जन थोड्या अंतरावर बसून पडद्यात पाहतात व हातातील मुठी फिरवितात. त्याबरहुकूम रुग्णाच्या पोटात बारीक छिद्रांतून घातलेली हत्यारे हलतात. प्रोस्टेटसारख्या अडचणीच्या जागी याचा उपयोग होतो. खर्च मात्र वाढतो. साध्या अपेंडिक्ससाठी कर्ज काढून रोबोचा हट्ट धरण्याची काहीही गरज नाही. ते काम अनुभवी सर्जन नेहमीच्या दुर्बिणीने उत्तम करतात.

खरा विषय आहे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, आणि तिचे सर्वांत चांगले काम आपल्या दाराशी चालू आहे. ते म्हणजे क्षयरोगाचा शोध. छातीचे लक्षावधी फोटो दाखवून संगणकाला शिकविले, की नवा फोटो पाहून तो क्षयाचा संशय किती हे आकड्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी या पद्धतीला मान्यता दिली. मुंबईची क्युअर डॉट एआय व पुण्याची डीपटेक या कंपन्यांनी अशा प्रणाली तयार केल्या आहेत. जिथे फोटो वाचणारा तज्ज्ञ नाही, तिथे हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र नेऊन जागच्या जागी संशयित निवडता येतात. क्षयाचा रुग्ण महिनाभर आधी सापडला, तर घरातील किती जण वाचतात याचा हिशेब वाचकांनीच करावा.

परंतु संशय म्हणजे निदान नव्हे. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचे व्रण किंवा दगडखाणीत काम करणाऱ्याची धूळ बसलेली फुप्फुसेही फोटोत संशयास्पद दिसतात. म्हणून बेडक्याची तपासणी लागतेच.

भाकितांचेही असेच आहे. जेफ्री हिंटन हे या विद्येतील थोर शास्त्रज्ञ. त्यांना २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. क्ष-किरणतज्ज्ञ तयार करणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल, असे ते २०१६ मध्ये म्हणाले होते. क्ष-किरणतज्ज्ञ आजही कामात बुडालेले आहेत. दुसरीकडे, स्वीडनमध्ये ८० हजार स्त्रियांच्या स्तनतपासणीत यंत्राची मदत घेतली, तेव्हा तज्ज्ञांचे फोटोवाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि कर्करोग ओळखण्यात उणेपणा आला नाही. हा अहवाल २०२३ चा. म्हणजे यंत्र डॉक्टरला घरी बसवीत नाही, हातभार लावते.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २०२५ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एका साठ वर्षांच्या गृहस्थांची हकिगत प्रसिद्ध केली. मिठातील क्लोराइड नको म्हणून त्यांनी चॅटजीपीटीचा सल्ला घेतला आणि तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्ले. शेजारी आपल्याला विष घालतो, असे म्हणत ते रुग्णालयात आले. त्यांना भास होऊ लागले होते. तीन आठवडे तिथे काढावे लागले. (ब्रोमाइडचे मिक्श्चर पूर्वी फिट्ससाठी दिले जाई. त्याने डोके फिरते हे जुन्या डॉक्टरांना पाठ होते!) मोबाईल उत्तर देतो, पण "हे कशासाठी विचारता? रक्तदाब किती? मूत्रपिंडे ठीक आहेत ना?" असे उलट विचारील याचा नेम नाही. आणि उत्तर चुकले तरी त्याची भाषा तितकीच ठाम असते.

दुसरी भीती आम्हा डॉक्टरांविषयी आहे. पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करणाऱ्यांना काही महिने यंत्राची सवय लागली. पुढे यंत्राविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून २२ वर आले. कॅल्क्युलेटर आल्यावर पाढे विसरतात, तसेच हे. म्हणून आधी डॉक्टरने पाहावे, मत बनवावे, मग यंत्राला विचारावे, या मताचा मी आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेला रुग्णास सल्ला देण्याची वा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. ती नोंदणीकृत डॉक्टरला साहाय्य करू शकते. औषधाच्या चिठ्ठीवर सही माणसाचीच हवी, आणि चुकीचा जाबही त्यालाच द्यावा लागतो.

तेव्हा मोबाईलला जरूर विचारा. रिपोर्टमधील अवघड शब्दांचा अर्थ समजून घ्यायला तो उपयोगी आहे. त्याच्या सांगण्यावरून मधुमेहाची, रक्तदाबाची वा फिटची गोळी बंद मात्र करू नका. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट असेल, तर सरकारी दवाखान्यात जा. बेडक्याची तपासणी व क्षयाची औषधे तिथे मोफत मिळतात. नमुना सकाळी उठल्याबरोबरचा, चूळ भरून, खोल खोकून काढलेला द्यावा. नुसती लाळ दिली, तर तपासणी वाया जाते.