मांजर बोलतेच, ऐकतो कोण?

मांजर जमिनीवरचं बटण दाबते, 'खाऊ' असा आवाज येतो, मालक खूश. म्हणे, मांजर भाषा शिकली! मी भाषेचा शिक्षक. बटण दाबलं की खाऊ मिळतो, ही सवय झाली. तिला भाषा म्हणायची घाई कशाला? बर्लिनचा हान्स घोडा गणितं सोडवतो, असंच लोक मानत होते. 1907 साली ऑस्कर फुंग्स्टने दाखवलं, घोडा विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता.

माझा राग बटणावर नाही, आपल्या घमेंडीवर आहे. मोठी मांजरं आपसात क्वचितच म्याऊ करतात. ते म्याऊ मुख्यतः आपल्यासाठी असतं. ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात दिसलं, माणसाने सावकाश डोळे मिटले-उघडले तर मांजरही तसंच करते, जवळ येते. तिने आपल्यापुरती बोली घडवली. नापास आपण झालो.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. भूक ओळखायला बटण लागतं का?

वर्गातही हेच. उर्दू घरातलं मूल मराठीत अडखळलं की आपण त्याला 'मठ्ठ' ठरवतो. आधी त्याची बोली ऐका, मग आपली शिकवा.