आडनाव नको, काम विचारा!

आपल्या लॅपटॉपवर मस्त चालणारा प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर टाकला की तोंडावर आपटतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. मग आपण काय करतो? कोडमध्ये एक ‘इफ’ घुसवतो. विंडोज असेल तर हे कर, नसेल तर ते कर. डेमो पार पडतो, विषय संपतो. पण माझ्या मते खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

गंमत बघा. पायथनला मॅकवर सिस्टीमचं नाव विचारलं तर उत्तर येतं ‘डार्विन’. आता नावात ‘विन’ दिसलं की विंडोज, असं ज्याने कोडमध्ये लिहिलंय त्याचा प्रोग्रॅम मॅकलाही विंडोज समजणार!

व्हर्जनचं तर बोलायलाच नको. मॅकचं २०२० मधलं ‘बिग सर’ खरं तर ११, पण काही जुन्या प्रोग्रॅम्सना ते स्वतःला १०.१६ सांगतं. विंडोज ११ वरचे ब्राउझरही वेबसाइटला ‘विंडोज १०.०’ असंच कळवतात. ही थापेबाजी का? कारण नाव आणि आकडे बघून चालणारं इतकं कोड जगात पडलंय, की खरं सांगितलं तर त्यातलं बरंच बंद पडेल.

बरं, मग करायचं काय? सिस्टीमला नाव विचारू नका, काम येतं का ते विचारा. ‘फोर्क’ हवंय? मग ते इथे आहे का, एवढंच तपासा. युनिक्सच्या जगात ऑटोकॉन्फ हे टूल १९९१ पासून हेच करतंय. ते छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून बघतं आणि मग ठरवतं. फाइलचा पाथ जोडायचाय? उलटी-सुलटी रेघ स्वतः टाकू नका, ‘पाथलिब’ला करू द्या.

कधीकधी नाव विचारावंच लागतं, हे मान्य. फाइल तिच्या नेहमीच्या अ‍ॅपमध्ये उघडायला मॅकवर ‘ओपन’ लागतं, लिनक्सवर ‘एक्सडीजी-ओपन’. पण ती चौकशी एकाच फंक्शनमध्ये ठेवा, कोडभर पसरवू नका.

हा नुसता कोडिंगच्या शिस्तीचा मुद्दा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर कुणी लिनक्स टाकून अभ्यास करतोय. त्याचा ब्राउझर फॉर्म भरायला पूर्ण सक्षम आहे, पण साइट नाव बघूनच म्हणते, ‘सपोर्ट नाही’. आडनाव विचारून दार लावणाऱ्यांवर आपण चिडतो ना? मग आपल्या कोडने तेच का करावं?

आज रात्री तुमचा प्रोजेक्ट उघडा आणि ‘विन’ सर्च करा. जिथे जिथे सापडेल तिथे स्वतःला विचारा, मला खरंच नाव हवंय की काम?