पहिलंच हेलिकॉप्टर, आणि तेही सातशेचं?

"घेशीन तं मोठंच घे भाऊ, लहान हवेत भरकटते."

वर्धा जिल्ह्यात रिमोटचं हेलिकॉप्टर घ्यायची इच्छा नुसती बोलून दाखवा, हे वाक्य कानावर आदळलंच म्हणून समजा. आर्वीत ऐका, हिंगणघाटात ऐका, सेलूच्या चहाटपरीवर ऐका. वाक्य तेच आणि आवाजातला अधिकारही तोच. सांगणाऱ्यानं स्वतः काय उडवलेलं असतं? बहुतेकदा दिवाळीत पोरासाठी आणलेलं आणि छताच्या पंख्याला आपटून निकामी झालेलं खेळणं. फार तर लग्नात फोटोवाल्याच्या हातून दोन मिनिटं मागून घेतलेला ड्रोन. एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ नवशिक्याला दीड मीटर व्यासाचं फिरतं चक्र विकत घ्यायला लावतो. या छंदात याहून घातक सल्ला मी ऐकलेला नाही.

घातक अशासाठी की तो अर्धा खरा आहे. मोठं यंत्र वाऱ्यात कमी डगमगतं. त्याच्या फिरत्या पात्यांचं जडत्व जास्त असतं, ते आज्ञा जरा सावकाश पाळतं, आणि दूर गेलं तरी त्याचं तोंड कुठे नि शेपूट कुठे ते डोळ्यांना कळतं. हे सगळं मान्य. पण हे फायदे हॉवर येणाऱ्याला मिळतात. ज्याला यंत्र डोळ्यांसमोर हवेत एका जागी धरून ठेवता येत नाही, त्याचं लहानही पडतं आणि मोठंही पडतं. फरक एवढाच की मोठं पडताना आसपासच्या माणसांचाही हिशेब करतं. हा दुसरा अर्धा भाग आमचे टपरीवरचे वैमानिकाचार्य कधी सांगत नाहीत, कारण तो त्यांना ठाऊकच नसतो.

तो मी सांगतो. सातशेच्या वर्गातलं हेलिकॉप्टर म्हणजे सातशे मिलिमीटरच्या आसपासची दोन कार्बन फायबरची पाती आणि पाच किलोंच्या घरातलं धूड. ही पाती मिनिटाला २००० फेरे घेतात तेव्हा त्यांची टोकं ताशी सुमारे ६०० किलोमीटर वेगानं हवा कापत असतात. एका पात्याचं वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर, पण त्या वेगात ते मुळाशी साडेतीनशे किलोंच्या आसपास ओढ लावतं. ही ओढ दोन पात्यांना जोडणाऱ्या मधल्या दांड्यावर, म्हणजे फेदरिंग शाफ्टवर, आणि बोटभर बोल्टवर तोललेली असते. आता विचारा त्या भाऊला: हे धूड शाळेच्या मैदानावर, भोवती पोरांचं कडं करून, आयुष्यात पहिल्यांदा उडवायचं का? तो होच म्हणतो. मैदान मोकळं आहे ना, मग झालं!

५ सप्टेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या काल्व्हर्ट व्हॉक्स पार्कात एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःच्याच रिमोटच्या हेलिकॉप्टरच्या पात्यानं जागच्या जागी गेला. तो नवशिका नव्हता, सराईत होता. आणि एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत, ऑगस्ट २०२१ मध्ये चोवीस वर्षांच्या वेल्डिंग कारागिरानं स्वतः बनवलेलं एक आसनी हेलिकॉप्टर चाचणीसाठी सुरू केलं. शेपटीचा पंखा तुटला, वरच्या पात्यांवर आदळला आणि त्यातलं एक पातं त्याच्या डोक्यात बसलं. ते माणूस बसायचं यंत्र होतं, रिमोटचं नव्हे. पण तुटलेलं पातं हा भेद करत नाही. त्या पोराच्या जिद्दीपुढे मी मान झुकवतो. माझा राग आहे तो जुगाडाचे पोवाडे गाणाऱ्यांवर. कुणी फिरतं यंत्र घरी बनवलं की हे टाळ्या वाजवणार, "विदर्भाचा शास्त्रज्ञ" म्हणणार आणि हेल्मेट, अंतर, तपासणी यांचा उच्चार कुणी केला की त्याला नकारात्मक ठरवणार. टाळ्या वाजवणाऱ्यांनी एकदा त्या गावात जाऊन यावं.

हाच जुगाड रिमोटच्या छंदातही शिरलेला आहे. पातं तडकलं? फेविक्विक. फेदरिंग शाफ्ट वाकला? "लेथवर बनवून घेऊ ना, काय मोठं आहे त्यात." साडेतीनशे किलोंची ओढ सहन करणारा तुकडा कुठल्या पोलादाचा, त्याला उष्णता-प्रक्रिया कोणती, काही म्हणजे काही न विचारता तो गावातल्या लेथवर कातून आणायचा आणि यंत्रात घालायचा! आणि गंमत अशी की दोन लाखांचं यंत्र घेताना "पैशाचं काय घेऊन बसला" म्हणणारा आणि पात्याच्या जोडीचे काही हजार वाचवायला डिंक लावणारा हा एकच माणूस असतो. खरेदीच्या दिवशी कुबेर, अपघाताच्या दिवशी कवडीचुंबक.

या सगळ्या गोंधळाचं मूळ ड्रोनमध्ये आहे. नमो ड्रोन दीदी योजनेनंतर शेतावर फवारणीचे ड्रोन आले, लोकांनी ते पाहिले आणि समज करून घेतला की हवेत उभं राहणारं प्रत्येक यंत्र रिमोटची काडी सोडली तरी उभंच राहतं. चार-सहा पंख्यांच्या ड्रोनला उपग्रहाकडून जागा कळते, हवेच्या दाबावरून उंची कळते, हात काढला की तो तिथेच थांबतो. हेलिकॉप्टरचा नेहमीचा जायरो एवढंच बघतो की यंत्र तुम्ही सांगितलेल्या गतीनंच वळतंय ना. ते वाऱ्यानं वाहून चाललंय, धुऱ्यावरच्या बाभळीकडे सरकतंय, हे त्याला कळत नाही. ते बघायचं तुम्ही, क्षणाक्षणाला, दोन्ही अंगठ्यांनी.

त्यात आणखी एक मेख. मोठ्या हेलिकॉप्टरात पात्यांचा वेग कायम ठेवून त्यांचा कोन बदलतात, आणि हा कोन उलटाही होतो. म्हणूनच ही यंत्रं उताणी उडतात. नवशिक्या घाबरला की काय करतो? काडी झटकन खाली ओढतो. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचे पंखे त्यानं मंदावतात आणि ते खाली येतं. इथे पाती पूर्ण ताकदीनं यंत्राला जमिनीत ढकलतात. घाबरणं म्हणजे अपघात, असा हा सरळ व्यवहार. शिवाय तोंड तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. शेपूट आपल्याकडे ठेवून, म्हणजे टेल-इन, हॉवर जमलं म्हणून मिशीला पीळ भरणारा वीर नोज-इनच्या पहिल्या झटक्यात यंत्र मातीत घालतो.

यावर औषध आहे, स्वस्त आहे, आणि नेमकं तेच आमच्या वीरांना अपमानास्पद वाटतं. त्याचं नाव सिम्युलेटर. संगणकाला खरा ट्रान्समीटर जोडायचा आणि पडद्यावर हवी तितकी हेलिकॉप्टरं फोडायची. एका पैशाचा सुटा भाग लागत नाही. "ते तर पोरांचं गेम आहे बे." असं म्हणणाऱ्याच्या हातात मी ट्रान्समीटर द्यायला तयार नाही, मग तो वयानं कितीही मोठा असो. यामाहानं १९८७ साली आर-५० हे फवारणीचं रिमोट हेलिकॉप्टर काढलं, पुढे आरमॅक्स आलं, आणि जपानी शेतकरी त्यानं भातशेती फवारू लागले. पण आधी शिकले, प्रमाणपत्र घेतलं, मग हात लावला. आमच्याकडे शिकणं म्हणजे कमीपणा.

आता मुद्द्याचं. मोठं म्हणजे किती मोठं? आधी आकड्यांचा घोळ समजून घ्या, कारण दुकानदार त्याचाच फायदा घेतात. सातशेचं पातं सातशेच्या आसपास, सहाशेचं सहाशेच्या. पण साडेचारशेच्या यंत्राचं पातं सव्वातीनशे मिलिमीटर आणि पाचशेचं सव्वाचारशे! एकाच फळीवर दोन मापपट्ट्या. म्हणून वर्ग विचारू नका. पात्याची लांबी, उड्डाणाचं वजन आणि बॅटरीचे सेल विचारा. साडेचारशेचं यंत्र किलोच्या आत, तीन सेलच्या लिपो बॅटरीवर. पाचशेचं पावणेदोन किलोंच्या आसपास, सहा सेलवर. सातशेला लागतात बारा सेल. दुकानदार यावर गडबडला तर उठा. नागपुरातल्या एका दुकानदाराला मी सातशेच्या सुट्या भागांची किंमत विचारली तेव्हा तो म्हणाला, "आधी मशीन घ्या, पार्टचं पाहू नंतर." तिथून मी उठलोच.

वर्ध्याच्या माणसाला तर हे शिकवायची गरज पडू नये. १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी काय होत्या? किंमत दीडशे रुपयांच्या आत, आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्चही मर्यादेत. यंत्र किती चालतं याच्याइतकंच ते बिघडल्यावर किती मागतं, हा प्रश्न त्या अटींतच घातलेला होता. सेवाग्रामला पर्यटकांना फिरवून आणणारे, मगन संग्रहालयातले चरखे कौतुकानं दाखवणारे आपण, आणि हेलिकॉप्टर घेताना तो प्रश्न विसरतो!

तर माझा कौल असा. नवशिक्याचं पहिलं मोठं हेलिकॉप्टर सव्वातीनशे ते सव्वाचारशे मिलिमीटर पात्यांचं असावं आणि उड्डाणाचं वजन दोन किलोंच्या आत. वाऱ्यात उभं राहण्याइतकं ते दमदार असतं, नजरेत राहतं, आणि पडलं तर घर विकावं लागत नाही. हेही निर्धोक नाही. साडेचारशेच्या पात्याचं टोकही ताशी पावणेचारशे किलोमीटरनं फिरतं आणि बोटं सहज घेऊन जातं. ब्रँडवरून भांडू नका. तैवानचं अलाइन घ्या, दुसरं काही घ्या. ज्याचे सुटे भाग तुमच्या पत्त्यावर खात्रीनं येतात तेच चांगलं. आणि पहिल्या उड्डाणाआधी पाती, फेदरिंग शाफ्ट, मुख्य शाफ्ट, मुख्य गिअर, टेल बूम यांचा एक संच घरात येऊन पडलेला असू द्या. सेकंडहँड सातशे निम्म्यात मिळतंय? विकणाऱ्याला विचारा, किती वेळा पडलं आणि काय बदललं. तो छातीठोकपणे "एकदाही नाही" म्हणाला तर एक तर ते उडालेलं नाही किंवा तो खोटं बोलतोय.

कायद्याचीही हीच दिशा आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅम ते दोन किलोंचं यंत्र सूक्ष्म वर्गात येतं आणि ते हौसेनं उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलो ओलांडले की वर्ग बदलतो. परवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रातही ४०० फुटांच्या वर जायचं नाही, आणि सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय कुठेच उडवायचं नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या आसपास तर ट्रान्समीटर पिशवीतून काढायचाही नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे भांडारात लागलेली ती आग पुलगावकर विसरलेले नाहीत. बोरच्या जंगलात वाघाचा व्हिडिओ काढायला निघालेल्यांना माझ्याकडे उत्तर नाही, वनखात्याकडे आहे.

मग उडवायचं कुठे? वावरात. पण कुठल्या, हे बाहेरच्या पुस्तकात सापडणार नाही. पावसाळ्यात आपली काळी माती यंत्राचे पाय धरून ठेवते. एक पाय रुतला आणि तुम्ही उचललं की यंत्र जागेवरच आडवं होतं. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. कापसाची उलंगवाडी झाली तरी पऱ्हाट्या उभ्याच असतात आणि पाती त्यांत गुंतायला टपलेली. सोयाबीन निघाल्यावर, हरभरा पेरायच्या आधीचं वावर उत्तम. वरून विजेच्या तारा जात नाहीत एवढं बघून घ्या. जमिनीवर चटई नाहीतर प्लायवूड टाका. स्वतः १५ मीटर लांब, बघे तुमच्या पाठीमागे आणि त्याहून दूर. यंत्राजवळ जायचं तर आधी थ्रॉटल होल्ड लावून मोटर बंद, मग पाती पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. मे महिन्यात भर दुपारी तर उडवूच नका. ४६ अंशांत हवा हिवाळी सकाळच्या मानानं दहा टक्क्यांहून अधिक विरळ होते, पात्यांना जास्त कोन घ्यावा लागतो, मोटर आणि बॅटरी तापतात. पूर्ण चार्ज केलेली लिपो बंद कारमध्ये ठेवणारा तर कार पेटवायचीच तयारी करतोय.

हे सगळं ऐकून तो टपरीवरचा भाऊ हसेल. म्हणेल, "इतकं भेऊन कुठं छंद होते का?" त्याला एकच सांगा: भाऊ, तू घे सातशेचं, पण ज्या दिवशी उडवशील त्या दिवशी आधी गावात दवंडी दे. आणि तुमच्या गावात कुणी पोरांच्या घोळक्यात असलं धूड सुरू करताना दिसलं, तर व्हिडिओ काढत उभे राहू नका. पुढे व्हा आणि त्याला बॅटरी काढायला लावा.