कोंबडी कोणाच्या नावावर?



बाई आणि मालमत्ता हा विषय निघाला की आपलं बोलणं जमीन, घर आणि दागिने यांच्यापाशी थांबतं. परसातल्या आठ-दहा कोंबड्यांची आठवण कोणाला होत नाही. या अंकाची सुरुवात आम्ही मुद्दाम तिथून करतो आहोत. गावातल्या कित्येक बायांच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा येतो तो खुराड्यातून. अंडी विकून मुलीची वही येते, औषधपाणी होतं, माहेरी जायला एस.टी.चं भाडं निघतं. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

पनवेल तालुक्यातलं गव्हाण घ्या. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नव्या मुंबईचा आराखडा पडला. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या पट्ट्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क उभा राहिला. पण सातबारा पुरुषाच्या नावावर, म्हणून मोबदलाही बहुतेक त्याच्याच नावावर. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात झाली ती 1994 साली. तोवर जमिनी गेलेल्या होत्या. भाताच्या खाचरात लावणी-कापणी करणाऱ्या बाईजवळ उरलं ते परस आणि परसातली कोंबडी. आता तेही आक्रसतं आहे. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू झाला, 2025 च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं. जमिनीचा भाव वाढला तसं अंगण ही चैन ठरू लागली.

‘चार कोंबड्यांचं काय एवढं?’ असं कोणी विचारील. 2019 च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या 31 कोटी 70 लाख भरली. आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 46 टक्के जास्त. पहाटे खुराडं उघडणं, कणी-कोंडा टाकणं, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून एकवीस दिवस सांभाळणं, पिल्लांना घारीपासून, मुंगसापासून राखणं, संध्याकाळी मोजून आत घेणं, हे काम बहुतेक घरांत बाईच करते. पण या कामाला कोणी काम म्हणत नाही आणि कोंबडीला कोणी मालमत्ता म्हणत नाही. म्हणून पाहुणा आला की तिला न विचारता कोंबडी कापली जाते.

कायदा मात्र बाईच्या बाजूने आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या कलम 14 नुसार बाईने स्वतःच्या कष्टाने, कौशल्याने मिळवलेली मालमत्ता, मग ती जंगम का असेना, पूर्णपणे तिची असते. खुराड्यातली कोंबडी या व्याख्येत बसते.

मालकीचा प्रश्न खरा उभा राहतो तो संकटात. 2025 च्या जानेवारीत शेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला, कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. अशा वेळी नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या परिघातल्या सगळ्या कोंबड्या, निरोगी असल्या तरी, मारल्या जातात. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे भीतीपोटी गप्प बसणाऱ्या बाईच्या हाती काहीच येत नाही. 2009 च्या कायद्याने असा रोग लगेच कळवणं मालकावर बंधनकारकही आहे. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, आजारी कोंबडी कापू-खाऊ नका, मुलांना लांब ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि पंचनाम्यावर नाव कोणाचं लागतं ते समोर उभं राहून पाहा.

दर वर्षी गावोगाव खुराडी रिकामी करणारा रोग मात्र मानमोडी, म्हणजे राणीखेत. त्यावर लस आहे. पिल्लू आठवड्याचं होईतो लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही लस. (ही लस बर्ड फ्लूवर चालत नाही.) अडचण अशी की एका कुपीत शंभर-दोनशे कोंबड्यांची लस असते, ती बर्फात आणावी लागते आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीला ही कुपी परवडत नाही. पण वीस बाया एकत्र आल्या तर एक कुपी पुरते. कोणी बर्फाचा डबा आणील, कोणी घरोघर मोजणी करील, कोणी टोचायला शिकेल. एकटीला न जमणारं काम गटाला जमतं, हे आपण बचत गटांत अनुभवलंच आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं: ग्रामसभेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात परसातल्या कोंबड्यांची नोंद पाळणाऱ्या बाईच्या नावाने व्हावी. लस गावात, ठरल्या दिवशी मिळावी. भरपाई तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी. गावठाणाचा आराखडा करताना परसाची जागा धरली जावी.

मागणीची वाट पाहत बसायचं कारण नाही. पुढच्या बैठकीत एक वही घ्या. घरोघर जाऊन बाईचं नाव, तिच्या कोंबड्या, तलंगा आणि पिल्लं लिहा, शेवटची लस कधी दिली ते लिहा, आणि खाली तिची सही किंवा अंगठा घ्या. जमिनीच्या वेळी आपली नावं कोणत्याच कागदावर नव्हती. या वेळी पहिला कागद आपणच करू.