लसीचा थेंब आणि पैनगंगेचा पूल

1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले आणि आमचे सोयरेधायरे पैनगंगेपलीकडे राहिले. मे 2021 मध्ये परराज्यातून महाराष्ट्रात येणाऱ्यास 48 तासांच्या आतील निर्दोष आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला, तेव्हा या रेषेची किंमत पुन्हा कळली. सदोष अहवाल म्हणजे इतरांस एकांतवास. आमच्या माणसास मात्र पांढरकवड्याचे माहेर आणि नागपूरचे इस्पितळही बंद! असा कागद बिनचूक असलाच पाहिजे.

तो चुकू कसा शकतो? ही चाचणी विषाणूच्या जनुकद्रव्याची दुप्पट करीत जाते. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. पुण्याच्या कोव्हिशील्डच्या अर्ध्या मिलिलिटर मात्रेत काट्याच्या प्रथिनाचे जनुक वाहणारे सुमारे 5,000 कोटी कण असतात. हैदराबादच्या कोव्हॅक्सिनमध्ये तर निष्क्रिय केलेला संपूर्ण विषाणूच असतो. ज्या मेजावर लस भरली, त्याच मेजावर, त्याच हातमोज्यांनी नाकातील नमुना घेतला, तर सांडलेल्या थेंबाचा अंश नमुन्यात जातो आणि निरोगी मनुष्य रोगी ठरू शकतो. हा निव्वळ तर्क नव्हे. डांग्या खोकल्याच्या लशीतील जनुकद्रव्य दवाखान्यांतील पृष्ठभागांवर राहून खोटे निदान होते, हे अमेरिकेतील आरोग्यसंशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केले आहे.

मात्र यावरून कोणी लशीस दोष देईल, तर तो अनर्थ होईल. दंडात टोचलेल्या या लशींनी रोग जडत नाही. दोष आहे तो एकाच खोलीत दोन्ही कामे उरकण्याच्या पद्धतीचा. आणि जेथे आरोग्यकेंद्राची इमारतच अपुरी, तेथे तो संभवतो अधिक.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. लसीकरण व नमुनासंकलन यांच्या खोल्या, शक्य तर माणसेही, वेगळी असावीत. नमुना घेण्यापूर्वी हातमोजे बदलावेत, मेज पुसावे. लक्षणे नसताना केवळ काट्याच्या जनुकावर आलेला दोषी निकाल दुसऱ्या जनुकावर ताडून, नवा नमुना घेऊन मगच कायम करावा. आणि अहवाल तेलुगूबरोबर मराठीतही मिळावा. आपल्यावरील ठपका आपल्या भाषेत वाचण्याचा अधिकार कोणत्याही नागरिकास नाकारता येणार नाही.

नकाशावरील चूक दुरुस्त करून घेण्यासाठी आम्ही सनदशीर मार्गाने झगडतच राहू. मेजावरील चूक दुरुस्त करण्यास मात्र कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही. ती सरकारने पुढल्या साथीपूर्वीच करावी.